भक्तीला थिअरी कशाला, असे विचारणाऱ्यांना



"भक्तीला थिअरी कशाला?" हा प्रश्न वडोदऱ्यातल्या आपल्या मराठी मंडळ्यांत आम्ही इतक्यांदा ऐकला आहे की त्याला आता उघड उत्तर देणे भाग आहे. मंडळीतली एखादी मुलगी कॉलेजात संगीत घेते. पहिल्या वर्षी सगळे कौतुक करतात. नाताळच्या कार्यक्रमात तिला पुढे उभे करतात. दुसऱ्या वर्षी ती सांगू लागते की अमुक गीताच्या दुसऱ्या ओळीखाली आपण वाजवतो ती कॉर्ड चालीला धरून नाही, किंवा आल्टोचा आवाज नुसता सोप्रानोच्या मागे फरफटत चालला आहे. तेव्हा मात्र कपाळाला आठ्या पडतात. "आम्ही चाळीस वर्षे असेच गातो. प्रभू हृदय पाहतो, कॉर्ड पाहत नाही." मुलगी गप्प बसते. वर्षभरात ती गायकवृंदातून दिसेनाशी होते, आणि मग आपणच म्हणतो की तरुण पिढीला उपासनेची ओढ राहिली नाही.

आमचे म्हणणे सरळ आहे. हार्मनीचा अभ्यास, आणि त्यातलाही तो कंटाळवाणा समजला जाणारा मधला टप्पा, ही उपासनेची सेवा आहे. मंडळीने त्याची थट्टा थांबवावी, त्याच्या खर्चाला हातभार लावावा आणि शिकून आलेल्याचे ऐकून घ्यावे. हे ज्यांना पटत नाही त्यांच्यासाठीच हा लेख आहे. त्यांनी तो शेवटपर्यंत वाचावा एवढीच विनंती.

आधी हा मधला टप्पा म्हणजे काय ते पाहू, कारण ज्याची थट्टा होते ते काय आहे हे थट्टा करणाऱ्यांना सहसा ठाऊक नसते.

पेटीवर किंवा कीबोर्डवर पांढरी एक हा सा धरा. सा-ग-प एकत्र दाबले की सी मेजर कॉर्ड. म-ध-सां म्हणजे एफ मेजर. प-नि-रें म्हणजे जी मेजर. या तीन कॉर्डमध्ये बिलावल थाटाचे सातही शुद्ध स्वर येतात. म्हणून शुद्ध स्वरांतल्या कोणत्याही साध्या चालीखाली या तिघींपैकी एखादी कशीबशी बसतेच. इतके शिकायला तीन महिने पुरतात, आणि आपल्याकडे कीबोर्ड वाजवणारे बहुतेकजण इथेच थांबतात.

मधला टप्पा इथून पुढे सुरू होतो. कोणती कॉर्ड कोणत्या कॉर्डनंतर येते आणि का येते. तिचा कोणता स्वर तळाला ठेवायचा. चार आवाजांपैकी कोणी हलायचे आणि कोणी जागेवर थांबायचे. ओळ संपताना श्रोत्याला घरी पोचवायचे की दारात उभे ठेवायचे, हे सगळे त्यात येते. शाळेत आपण वाक्यपृथक्करण करत होतो: कर्ता कोणता, कर्म कोणते, उपवाक्य कुठे सुरू झाले. हार्मनीचे विश्लेषण तसेच असते. समोर एक पूर्ण गीत ठेवायचे, प्रत्येक कॉर्डखाली तिचा क्रमांक लिहायचा (सा-वरची पहिली, म-वरची चौथी, प-वरची पाचवी) आणि ती तिथे काय काम करते ते सांगायचे.

एक उदाहरण देतो. 'ओल्ड हंड्रेड्थ' नावाची चाल आपल्यापैकी बहुतेकांच्या कानावरून गेली आहे. ती जिनेव्हाच्या १५५१ च्या स्तोत्रसंग्रहातली आहे, म्हणजे पावणेपाचशे वर्षांपूर्वीची. तिच्या चार ओळी आहेत. दुसरी ओळ संपते ती रे वर. हा रे प-नि-रे या पाचव्या कॉर्डमधला आहे. तिथे पाचवी कॉर्ड वाजली की ओळ थांबते, पण गाणे थांबत नाही. कान पुढच्या ओळीची वाट पाहतो. शेवटची ओळ सा वर उतरते, खाली पहिली कॉर्ड येते आणि सगळी मंडळी एकदम घरी आल्यासारखी होते. आता त्याच दुसऱ्या ओळीच्या शेवटी कोणी सवयीने सा-ग-प दाबून धरले, तर गाणाऱ्यांचा रे त्या सा आणि ग यांच्यामध्ये अडकतो. मागच्या बाकावरच्या आजींना थिअरी येत नाही, पण त्यांचा आवाज तिथे डळमळतो. त्यांना वाटते वयामुळे झाले. खरे तर ते कॉर्डमुळे झाले आहे. हे ओळखणारा आणि दुरुस्त करणारा माणूस मंडळीत असणे ही चैन नव्हे.

'आमेन'चेही तसेच. गीताच्या शेवटी आपण लांबवून 'आमेन' गातो, त्याखाली चौथी कॉर्ड आणि मग पहिली येते: म-ध-सां, नंतर सा-ग-प. या दोन्हींत सा तोच राहतो. म खाली ग वर येतो, ध खाली प वर येतो, आणि सा हलत नाही. चार आवाजांची रचना शिकताना हाच पहिला धडा मिळतो: जो स्वर दोन्ही कॉर्डमध्ये आहे तो ज्याच्याकडे असेल त्याने तो धरून ठेवावा, आणि ज्याला हलायचे आहे त्याने जवळात जवळ जावे. आल्टो आणि टेनर गाणाऱ्यांचे बरेचसे आयुष्य या धड्यात जाते. त्यांचे गाणे एकेकटे ऐकले तर रुक्ष वाटते. पण ते काढून घ्या, मंडळीचे गाणे उघडे पडते.

आता आक्षेपांकडे वळू.

पहिला आक्षेप असा: अभ्यासाने भक्ती कोरडी होते. हे बोलणारे लोक प्रामाणिक असतात, म्हणून त्यांना पवित्र शास्त्रातूनच उत्तर देतो. पहिले इतिहास, अध्याय २५ काढून पाहा. दाविदाने मंदिरसेवेसाठी नेमलेले गायक मोजले आहेत: २८८. बाराबारांचे २४ वर्ग. ते सगळे गायनात शिकवून तयार केलेले आणि निपुण होते असे तिथे स्पष्ट नोंदले आहे, आणि पाळ्या ठरवताना गुरू आणि शिष्य यांच्या चिठ्ठ्या एकत्रच टाकल्या. म्हणजे परमेश्वराच्या घरी शिकणे आणि शिकवणे ही सेवेचीच रीत होती. त्याच पुस्तकात कनन्याला गायनाचा प्रमुख केले ते त्याला त्यातले कळत होते म्हणून. निर्गमाच्या ३१ व्या अध्यायात बसालेलाला कारागिरीचे कौशल्य मिळाले ते देवाच्या आत्म्याने. पौलाने करिंथच्या मंडळीला लिहिताना आत्म्याने गाणे आणि बुद्धीने गाणे या दोन्ही गोष्टी एकाच वाक्यात जोडल्या आहेत. एक घ्या, दुसरी टाका, असे त्याने कुठे सांगितलेले नाही.

आणि व्यवहारातही आपण असे बोलत नाही. मंडळीतल्या परिचारिकेला आपण म्हणतो का, की तुझ्या अंतःकरणात दया आहे, मग औषधांची मात्रा कशाला शिकतेस? मंदिराची भिंत बांधणाऱ्या गवंड्याला ओळंबा लावू नकोस असे कोणी सांगते का? शिक्षण फक्त गाण्याच्याच बाबतीत संशयास्पद ठरते. याचे कारण भक्ती नाही. गाणे सर्वांनाच येते असे आपल्याला वाटते, आणि ज्याला सुधारणा सुचवली जाते त्याला ती टोचते, एवढेच ते कारण आहे.

शिवाय एक गोष्ट फार थोड्यांना माहीत असते. जगभरच्या कॉलेजांत हार्मनी शिकवताना विद्यार्थ्यांपुढे सर्वांत आधी कोणती रचना ठेवतात? योहान सेबास्टियन बाखची कोराले, म्हणजे जर्मनीतल्या लूथरन मंडळीची गीते. बाख १७५० साली वारला. त्याने चार आवाजांत बांधलेल्या ३७१ कोरालेंचा संग्रह १७८४ ते १७८७ या काळात छापून निघाला, आणि आजही ज्या विद्यार्थ्याला हार्मनीचे विश्लेषण शिकायचे असते तो त्यावर पेन्सिल चालवतो. ज्याचा ख्रिस्ताशी काही संबंध नाही असा विद्यार्थीसुद्धा आपल्या उपासनेची गीते उलगडून शिकतो. आणि ज्यांच्या घरची ही ठेव आहे ते आपण म्हणतो, थिअरी कशाला!

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. हार्मनी ही परकी वस्तू आहे, आपले संगीत रागाचे आहे; कृष्णराव सांगळे आणि नारायण वामन टिळक यांनी आपल्याला कीर्तन, अभंग आणि भजन दिले, मग पुन्हा गोऱ्यांच्या कॉर्ड कशाला? या आक्षेपामागचे प्रेम आम्ही ओळखतो. टिळकांनी (१८६१–१९१९) मराठी मंडळीच्या तोंडी मराठी चाल दिली, हे ऋण फिटणारे नाही. पण वडोदऱ्यात राहून हा आक्षेप घेणाऱ्याने आपल्या शहराचा इतिहास आधी पाहावा.

महाराजा सयाजीराव गायकवाड यांच्या आश्रयाने १८८६ साली बडोद्यात गायनशाळा सुरू झाली. ती उभी केली मौलाबक्ष (१८३३–१८९६) या गवयाने. त्या काळी विद्या घराण्यात, गुरूच्या मर्जीवर मिळत असे. मौलाबक्षांनी स्वरलिपी तयार केली, पाठ्यपुस्तके काढली आणि वर्गात बसवून सामान्य घरांतल्या मुलांना गाणे शिकवले. गाणे कागदावर लिहिले की त्याचा आत्मा जातो, हा आक्षेप स्वरलिपीवर घेतला जातो तो काही आजच्याच लोकांनी शोधून काढलेला नाही. पण शाळा चालू राहिली, आणि पुढे १९४९ साली महाराजा सयाजीराव विद्यापीठ झाले तेव्हा संगीताचे शिक्षण विद्यापीठात गेले. सूरसागर तलावासमोर आज जी परफॉर्मिंग आर्ट्‌स फॅकल्टी आहे तिचे मूळ त्या गायनशाळेत आहे.

याच मौलाबक्षांनी आपला मुलगा अलाउद्दीन याला पाश्चात्त्य संगीत शिकायला लंडनला जाऊ दिले. त्यांचा नातू इनायत खाँ बडोद्यातच १८८२ साली जन्मला आणि १९१० साली भारतीय संगीत घेऊन पश्चिमेला गेला. त्याचा भाऊ महेबूब खाँ (१८८७–१९४८) याने तर भारतीय वळणाच्या चालींना पियानोची साथ लिहिली, रीतसर हार्मनी घालून. हे घर ख्रिस्ती नव्हते, युरोपीयही नव्हते. ते बडोद्यातले हिंदुस्थानी गवयाचे घर होते. आपले गाणे पक्के असलेल्या त्या माणसांना दुसऱ्याचे शास्त्र शिकायची भीती वाटली नाही. त्याच बडोद्यात १९१६ साली भातखंड्यांच्या पुढाकाराने पहिली अखिल भारतीय संगीत परिषद भरली आणि रागसंगीताचे शास्त्र काय, स्वर कसे लिहावे, यावर चर्चा झाली. थिअरी हा शब्द ज्या शहराला परका वाटू नये असे एखादे शहर असेल तर ते आपले आहे.

आता या आक्षेपाच्या मुळाशी जाऊ. आमचे म्हणणे असे की आपली गीते रागातली आहेत म्हणूनच हार्मनी नीट शिकलेला माणूस आपल्याला जास्त हवा. कसे ते पाहा.

भूप रागावरचे एखादे भजन घ्या. भूपात पाचच स्वर: सा रे ग प ध. म नाही, नि नाही. या पाच स्वरांतून तीन स्वरांच्या किती कॉर्ड बनतात? दोनच: सा-ग-प आणि ध-सां-गं. ज्याला फक्त तीन कॉर्ड येतात तो सवयीने म-ध-सां वाजवतो आणि प-नि-रें वाजवतो, म्हणजे भूपात नसलेले म आणि नि दोन्ही आणून ठेवतो. भजन गाणाऱ्याला वाटते आज रंग का भरला नाही. दुर्गा घ्या: सा रे म प ध. इथे ग नाही. म्हणजे सा-वरची नेहमीची कॉर्ड बनतच नाही. पण आपला वादक गीत सुरू व्हायच्या आधीच सूर द्यायला म्हणून सा-ग-प दाबतो, आणि राग पहिल्या क्षणी मोडतो. भैरवी घ्या. तिच्यात रे, ग, ध, नि कोमल. प-वर कॉर्ड बांधायला गेले तर प, कोमल नि, कोमल रे असे स्वर मिळतात. ही कॉर्ड आवळलेली, अस्थिर असते. तिच्यावरून घरी येता येत नाही. गाणारा कोमल रे लावतो आणि कीबोर्डवर जी मेजर वाजते, तिच्यात शुद्ध रे आणि शुद्ध नि. दोन रे एकमेकांवर आपटतात. भैरवीत घरी यायचा रस्ता बहुधा कोमल रे वरच्या कॉर्डवरून जातो: कोमल रे, म, कोमल ध, आणि तिथून खाली सा. हे कोण सांगणार? ज्याने कॉर्डची कामे शिकली आहेत आणि राग शिकला आहे तोच.

म्हणजे ज्यांना रागाचा अभिमान आहे त्यांचा शत्रू हार्मनीचा अभ्यासक नाही. त्यांचा शत्रू अर्धवट शिकलेला वादक आहे, आणि तो वादक आपणच तयार केला आहे, कारण "इतके पुरे" असे त्याला आपणच सांगितले. पूर्ण शिकलेला माणूस कधी वाजवायचे नाही हेसुद्धा जाणतो. टाळ, तबला आणि तंबोऱ्याच्या सा-प वर एखादे भजन सोडून द्यावे, इथे कॉर्डची गरज नाही, असे तो ठामपणे म्हणू शकतो. सलग पंचम टाळावेत असा पाश्चात्त्य हार्मनीतला एक नियम आहे: दोन आवाज सा-प वरून रे-ध वर बरोबरीने सरकू नयेत, कारण मग दोन्ही आवाज स्वतंत्र राहत नाहीत. नियम नुसता पाठ करणारा विद्यार्थी तंबोऱ्याच्या अखंड पंचमालाही नाक मुरडेल. नियमाचे कारण समजलेला विद्यार्थी म्हणेल, तंबोरा हा दुसरा आवाज नाही, ती जमीन आहे; तिला हा नियम लागत नाही. नियमाचे हे कारण मधल्या टप्प्यावरच उमगते.

तिसरा आक्षेप हल्लीचा आहे. कीबोर्डमध्ये स्टाइल दाबली की सगळे आपोआप वाजते, मग शिकायचे कशाला? यंत्र कॉर्ड ओळखते ती तुम्ही दाबलेल्या बोटांवरून. तुम्ही दुर्गात ग दाबला तर ते बासरीपासून बासगिटारपर्यंत सगळीकडे ग पसरवते, तोही तालात. चूक मोठ्या आवाजात होते, एवढाच फरक. शिवाय ज्या मंडळीने आपले चार आवाज यंत्राला दिले तिला हळूहळू गायचीच गरज वाटेनाशी होते. स्पीकर गातो आणि लोक ओठ हलवतात. हे आम्ही कडवटपणे लिहीत नाही. येत्या रविवारी शेवटच्या बाकावर बसून प्रत्येकाने कान देऊन ऐकावे.

चौथा आक्षेप आईबापांचा आहे, आणि तो आम्ही हसण्यावारी नेणार नाही. "याने पोट भरेल का?" हार्मनीच्या अभ्यासाने श्रीमंती येते असे खोटे आश्वासन आम्ही देणार नाही. वडोदऱ्याच्या फॅकल्टीत मुख्य विषय आहेत गायन, वाद्य, तबला, नृत्य आणि नाट्य. पाश्चात्त्य हार्मनी नेटाने शिकायची तर मुलांना खासगी शिक्षक धरावा लागतो, किंवा पणजीच्या कला अकादमीकडे नाहीतर चेन्नईच्या के. एम. म्युझिक कन्झर्व्हेटरीसारख्या संस्थेकडे पाहावे लागते. वाट लांबची आहे आणि खर्चाची आहे. परीक्षांचीही एक पायरी आहे. लंडनच्या एबीआरएसएम मंडळाचा नियम आहे की पाचव्या ग्रेडची थिअरी किंवा तिच्या बरोबरीची परीक्षा उत्तीर्ण झाल्याशिवाय वाद्याची सहावी ग्रेड देता येत नाही. आपली कितीतरी मुले वाद्याची पाचवी ग्रेड छान गुणांनी करतात आणि या दारापाशी येऊन परत फिरतात. कारण वाजवताना टाळ्या मिळतात, थिअरीच्या कागदाला कोणी टाळी देत नाही. नेमक्या याच वेळी घरून आणि मंडळीतून धीर मिळायला हवा. मिळतो तो टोमणा.

पोटाचे उत्तर असे की बहुतेकांनी दुसरा व्यवसाय करावा आणि हे शिक्षण बरोबर ठेवावे. हिशेब लिहिणारा माणूस मंडळीचा खजिनदार होतो, तसा हार्मनी शिकलेला इंजिनिअर मंडळीचा गायकवृंद सांभाळू शकतो. पण मग मंडळीनेही आपला वाटा उचलावा. सजावटीला आणि जेवणावळीला पैसा निघतो. ध्वनिवर्धक दर दोनतीन वर्षांनी बदलतो. एका विद्यार्थ्याची थिअरीची फी मात्र आपल्या अंदाजपत्रकात कुठेच नसते.

हे सगळे मंडळीला उद्देशून झाले. आता शिकणाऱ्या मुलांनाही दोन शब्द, कारण त्यांनाही आम्ही सोडणार नाही. बाळांनो, कॉलेजात रोमन आकड्यांनी कोराले सोडवायला शिकलात, चांगले झाले. पण मंडळीच्या गाण्याला नाक मुरडून बाहेर पडायला हे शिक्षण दिलेले नाही. कॉर्डची चूक दाखवताना वाजवणाऱ्या काकांचा मान ठेवा. तुम्ही पाळण्यात होता तेव्हापासून ते दर रविवारी वेळेवर येऊन बसत आहेत. चूक चारचौघांत सांगू नका. सरावाच्या दिवशी शेजारी बसा, "काका, इथे हे करून बघू या का?" असे म्हणा आणि दोन्ही वाजवून दाखवा. त्यांचा कान तुमच्या पुस्तकापेक्षा लवकर ओळखेल. आणि जे शिकलात ते आपल्या भाषेत सांगता येत नसेल तर ते अजून पुरते शिकलेले नाही असे समजा. टॉनिक आणि डॉमिनंट म्हणून थांबू नका. सा-ग-प आणि प-नि-रें म्हणा, म्हणजे पेटी वाजवणाऱ्या प्रत्येकाला कळेल.

हे अशक्य नाही. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमध्ये जॉन कर्वेन (१८१६–१८८०) या पाळकाने, सारा ग्लोव्हर या शिक्षिकेच्या पद्धतीवरून, टॉनिक सोल-फा नावाची लिपी वाढवली. तिच्यात पहिला स्वर पट्टीबरोबर हलतो, अगदी आपल्या सा सारखा. हेतू एकच होता: ज्यांना पाच रेघांची लिपी येत नाही अशा साध्या लोकांनी चार आवाजांत गावे. मिशनरी ही लिपी घेऊन ठिकठिकाणी गेले. मिझोराममध्ये मंडळीचे गीतपुस्तक आजही या अक्षरांत छापलेले असते आणि गावागावांतले लोक ते वाचून आपापला आवाज गातात. ती माणसे काही वेगळ्या मातीची नाहीत. आणि आपल्याला तर सारेगम लहानपणापासून येते. आपल्याला जी लिपी हवी ती निम्मी आपल्या तोंडात आहे.

म्हणून वडोदऱ्यातल्या आणि बाहेरच्या मराठी मंडळ्यांपुढे आम्ही चार मागण्या ठेवतो. एक, दरवर्षी निदान एका मुलाच्या किंवा मुलीच्या थिअरीच्या शिक्षणाची फी मंडळीने भरावी, आणि त्याबदल्यात तिने दोन वर्षे गायकवृंदाला शिकवावे. दोन, आठवड्यात एक तास फक्त आवाजांच्या सरावाला द्यावा: स्पीकर बंद, कीबोर्ड बंद, नुसते गळे. तीन, घराघरांत पडून असलेल्या जुन्या वह्या, सुटे कागद, चार आवाजांच्या प्रती गोळा करून जपाव्यात. बास आणि टेनर ज्यांना तोंडपाठ आहेत असे वडीलधारे आज हयात आहेत, त्यांच्याकडून ते सारेगममध्ये लिहून घ्यावेत. हे काम पुढच्या वर्षावर टाकू नका. त्या पिढीतला एक बास गेला की त्याच्याबरोबर शंभर गीतांचा तळ जातो. चार, रागातल्या प्रत्येक गीतासमोर, कॉर्ड घालायची की नाही आणि घालायची तर कोणती, हे एकदा बसून ठरवावे. त्या बैठकीला गवई आणि हार्मनी शिकणारे दोघेही असावेत.

'उपासना संगीत' उघडले की पाश्चात्त्य चालीची गीते आणि आपल्या चालीची गीते एकाच पुस्तकात शेजारी शेजारी नांदताना दिसतात. आपल्या पूर्वजांनी हे दोन्ही वारसे आपल्या हवाली केले. एकाला परके म्हणून आणि दुसऱ्याला सोपे समजून आपण दोन्ही बिघडवत आहोत. धन्याने दिलेले नाणे जमिनीत पुरून ठेवणाऱ्या चाकराची गोष्ट आपण दरवर्षी ऐकतो. त्या चाकराचाही युक्तिवाद असाच होता: मला भीती वाटली, म्हणून आहे तेवढे जपून ठेवले. धन्याला ते पटले नाही.

तेव्हा पुढच्या वेळी मंडळीतली एखादी मुलगी सांगू लागेल की या ओळीखाली दुसरी कॉर्ड हवी, तेव्हा तिला "थिअरी कशाला" असे विचारू नका. कोणती कॉर्ड आणि का, असे विचारा. मग दोन्ही वाजवायला लावा, सगळे मिळून गाऊन पाहा, आणि जिथे आजींचा आवाज डळमळत नाही ती ठेवा.

प्रभू आपल्या मंडळ्यांच्या गळ्यांना बळ देवो आणि बुद्धीलाही. आमेन.